विकीचा ओटीपी

४ जानेवारी, मूल
विकीनं कोर्टात अर्ज केला. चार वर्षांपूर्वी रानडुकरानं त्याची बाइक उडवली, डोक्याला मार बसला, तेव्हा कोर्टानं मला, म्हणजे थोरल्या भावाला, त्याचा पालक नेमलं. आईनं त्याच्या नावे ठेवलेला पैसा मीच सांभाळतो. आता म्हणे बरा झाला, पालक नको. बरा झालेला माणूस असला अर्ज करेल का?

९ जानेवारी
गोंडपिपरीहून विकीचा फोन. मिक्सर घ्यायचा होता. बँकेचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो, त्यामुळे त्याला फोन करावाच लागतो. मी आधी विचारलं, जेवला काय, गोळी घेतली काय, तिकडे थंडी किती. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. विकी म्हणे, भाऊ, पयले ओटीपी सांग ना, जेवनाचं मंग इचार. पुन्हा मागवला. सुरक्षेसाठी दोनदा बोललेलं बरं.

३० जानेवारी
उद्या चंद्रपूरला तारीख. शांत राहायचं. विकीला काही लक्षात राहत नाही, एवढंच सिद्ध करायचं.

३१ जानेवारी
फाइल बसमध्ये राहिली. जजसाहेबांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी तीन नावं धडाधड सांगितली. विकी म्हणे, साहेब, त्या दोन वर्षांपासून बंद आहेत, भाऊले सांगतलं होतं. डॉक्टरांचा कागदही तेच म्हणाला. पालकत्व संपलं.
विकीनं चहा पाजला. फाइलही डेपोत जाऊन त्यानंच शोधून आणली. नशीब लागतं.

६ फेब्रुवारी
बँकेत विकीच्या खात्याला त्याचाच नंबर लावला, ओटीपी आता त्यालाच जाणार. सुटलो एकदाचा! उद्यापासून सकाळी फिरणं. पेटीही शिकणार.

१९ फेब्रुवारी
फिरणं सोमवारपासून. नहराकडे वाघ दिसला म्हणतात. पेटी महाग आहे.
विकीचा फोन नाही. मी करावा? मी थोरला. मी काऊन करू?

२ मार्च
मोबाईल बिघडला असावा. दुकानात दाखवला. दुकानदार म्हणे, फोन चांगला आहे भाऊ, कोनी करतच नाई तं वाजन कसा?
आजकालच्या दुकानदारांना काही कळत नाही. घरात मी एकटाच. करमत नाही.

८ मार्च, दुपार
मच्छर मारायची रॅकेट ऑनलाइन मागवायला घेतली. घरात एक आहे, पण असू द्यावी. ओटीपी आला. किती दिवसांनी! फोन हातात धरला आणि सवयीनं आधी मोठ्यानं विचारलं, जेवला काय?
मुदत संपली.
जेवलो नव्हतो.