नऊ पौंड चार औंस, नक्की

२ मे, सोमवार
मिसेस पिकप बावीस वर्षांनी मंगळवारच्या महिला सभेचं अध्यक्षपद सोडतायत. गुडघे. नवी अध्यक्षा कोण, ते आमचे पाळक मिस्टर बॅमफर्थ चॅपलच्या जत्रेत एकवीस तारखेला सांगणार. मी सोडून दुसरं कोण आहे? सभेत मॅट्रिक झालेली मी एकटी. काही जणी हिल्डा ऑर्मरॉडचं नाव घेतात. तिला काहीही विचारा, ‘मला बाई धुक्याएवढीसुद्धा कल्पना नाही’ म्हणते आणि हसते. तरी बायका तिच्याच ओट्यावर जाऊन बसतात.
संकल्प: आजपासून ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. त्याच्या भाऊबंदांनाही घरात थारा नाही.

३ मे
भाऊबंदांची यादी सुरू केली. आपल्या गावात ‘माहीत नाही’ सरळ कुणी म्हणतच नाही.
छप्पर कुठून गळतंय, असं विल्फ्रेडला विचारलं. ‘तुझा अंदाज तोच माझा.’ नवरा म्हणून त्याचा स्वतःचा एक अंदाज असायला नको?
शेजारच्या अ‍ॅनीला मांजर कुठे गेलं विचारलं. ‘हवं तर माझी झडती घे.’
चौदा नंबरात राहायला आलेला माणूस कोण, असं दूधवाल्याला विचारलं. म्हणाला, बाई, त्याला आणि आदमला शेजारी उभं केलं तरी कोण कोणता ते मला सांगता यायचं नाही. मी म्हटलं, आदम ओळखायला काय कठीण आहे? त्याच्या अंगावर कपडे नव्हते. दूधवाला बाटल्या ठेवून लगबगीनं गेला.

५ मे
जत्रेची बैठक. आमच्या चॅपलमध्ये सोडत चालत नाही, ते जुगारात मोडतं. केकचं वजन ओळखण्याची स्पर्धा मात्र दरवर्षी असते. मिस्टर बॅमफर्थना शंका आली, की अंदाज करणं म्हणजे तरी वेगळं काय? सगळे छताकडे बघू लागले. मी उभी राहिले. म्हटलं, अंदाज हा जुगार, ज्ञान हा नव्हे. केक मी करते आणि त्याचं खरं वजन आधीच पाकिटात बंद करून देते. म्हणजे निदान एका माणसाला तरी पक्कं माहीत असेल. पाळक म्हणाले, मिसेस क्लेग, तुमच्या आत्मविश्वासाचं मला नेहमीच नवल वाटतं. हे शब्द मुद्दाम लिहून ठेवतेय.

७ मे
एक माणूस चॅपलचा रस्ता विचारत होता. हातात अवजारांची पेटी. मी गिरणीमागची जवळची वाट सांगितली. या गल्ल्या मला हाताच्या पाठीसारख्या पाठ आहेत.

८ मे, रविवार
तो आमचा ऑर्गन सुरात लावायला आलेला माणूस होता. त्यानं गिरणीमागच्या कॅथलिक चर्चमधला लावून दिला. आत शिरल्यावर पुतळे दिसले तेव्हा त्याला कळायला हवं होतं. आमचा ऑर्गन सकाळभर शेळीसारखा ओरडला. त्यांचा इथपर्यंत ऐकू येत होता. फार गोड.
प्रार्थनेनंतर दारात उभी राहून मोजलं. बायका आठ वेळा ‘देव जाणे’ म्हणाल्या. देव जाणतोच. म्हणून काय बेकरी कधी उघडते तेही त्यालाच विचारायचं?

१० मे, मंगळवार
केक झाला. पाकपुस्तक फळीवरून काढलंसुद्धा नाही. विल्फ्रेड मध्येच दारात येऊन म्हणाला, अगं एडना, ते— मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे. गेला.
सामानाच्या यादीवरून बेरीज केली. पीठ, लोणी, साखर, अंडी, मनुका, बेदाणे. नऊ पौंड चार औंस. पाकीट चिकटवलं. मिस्टर बॅमफर्थ म्हणत होते, एकदा खाटकाच्या काट्यावर ठेवू या का? बेरीज येत असताना काटा कशाला?

१५ मे, रविवार
भाषणाची तयारी. सुरुवात नम्रतेनं करणार: ‘या पदाला मी योग्य आहे की नाही, ते तुम्ही जाणताच.’

२१ मे, शनिवार, रात्री
चाळीस जणांनी वजनं लिहिली. पाकीट उघडलं, तर नऊ पौंडांच्या जवळपास कुणीच नाही. गर्दीतून कुणी म्हणालं, एकदा तोलूनच बघा की. खाटीक एन्टविसलनं काटा आणला. सात पौंड चार औंस. खाटकाचा काटा कमी दाखवतो हे आज प्रथमच पाहिलं.
हिल्डानं सात पौंड चार औंसच लिहिलं होतं. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाली, हवेत बाण मारला बाई.
तिनं केक तिथेच कापून सगळ्यांना वाटला. इतकी शांतता मी प्रार्थनेतही पाहिली नाही. मिसेस पिकप म्हणाल्या, वेगळाच आहे गं. मिस्टर बॅमफर्थ बराच वेळ चावत होते, मग म्हणाले, हा केक माणसाला विचार करायला लावतो. दुसरा तुकडा कुणीच घेतला नाही. संकोच, दुसरं काय.
अध्यक्षा: हिल्डा.
भाषण पेटीत ठेवलं. पुढे लागेल.

२३ मे, सोमवार
फळी पुसताना साखरेची पिशवी सापडली. दोन पौंडांची. न फोडलेली.
विल्फ्रेडला विचारलं, ही तुला दिसली होती? म्हणाला, हो, केक केलास त्याच दिवशी. मग बोलला का नाहीस? म्हणाला, बोलायलाच आलो होतो. तू म्हणालीस, सगळं माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, असेल काही कारण.
संध्याकाळी हिल्डाचा निरोप. उद्याच्या सभेचा चहा मीच करावा, माझ्या हातचा सगळ्यांना आवडतो. साखर ती घरून आणेल.