रजईचा गोट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तीस वर्षं बस चालवल्यावर तेवढा हक्क त्याला आहे.

पत्र गुपचूप लिहितोय. तुझ्या भावजयीने नातीसाठी रजई शिवली. फक्त कडा उघड्या राहिल्या आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा जाईना, तशी तिने रजई गुंडाळून कपाटावर टाकली. अर्धवट वस्तू कुणाला देणार नाही, म्हणते. ऑपरेशनचं नाव काढलं की भाजी निवडायला उठते. लेक बाळाला घेऊन वीस तारखेला येतेय. तेव्हा कडांना पट्टीचा गोट मीच लावायचं ठरवलंय. तू जन्मभर टेलरिंग केलंस, कसं करायचं ते सांग. आणि हसू नकोस.

लोभ आहेच, तो या उद्योगानंतरही राहू दे.
तुझा बाळ्या

९ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हसले. पोट दुखेपर्यंत हसले, मग चष्मा पुसून लिहायला बसले.

आधी रजईच्या चारही कडा सरळ काप. मग अडीच इंच रुंद पट्ट्या काप नि एकमेकींना जोड. जोड तिरके दे, नाहीतर एका जागी गाठोडं होतं. ती लांब पट्टी उभी दुमडून इस्त्री कर. तिच्या उघड्या कडा रजईच्या कडेला जुळवून वरून मशीन मार. सुरुवात बाजूच्या मधून कर, कोपऱ्यापासून नको. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांब, पट्टी वर दुमड, पुन्हा खाली आण आणि नवी बाजू धर. मग पट्टी मागे उलटवून हाताने बारीक टाके घाल. ओढाताण नको, रजई होडीसारखी वळते.

पण काय रे, तिला विचारलंस का? कडा तुझ्या हातून होतीलही, पण काम तिचं आहे.

तब्येतीला जप, माया आहेच.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा ती समोरच बसली होती. वाचून दाखवा म्हणाली. मी घाईघाईत तू मांजर पाळल्याचं वाचलं. वन्संना मांजरीचा तिटकारा आहे, एवढंच बोलून ती भाजी निवडायला उठली.

काल मी गोट शिवत असताना ती मशीनपाशी आली. रजईवर बोटं फिरवली आणि आत निघून गेली. दिवसभर बाहेर आली नाही. शेवटी मी तिच्यापुढे बसून माफी मागितली. तेव्हा रडली. आपण आता कामातून गेलो असं मी ठरवूनच टाकलं, असं तिला वाटलं होतं. तुझंच खरं, आधी विचारायला हवं होतं. मग नाक पुसून म्हणाली, तो कोपरा आहे की बटाटा? उसवा आधी.

उसवतोय. आशीर्वाद पाठव, जमल्यास धीरही.
तुझा बाळ्या

२३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अक्षर मोठं आहे म्हणून रागावू नका. लेकीने जाड पेन दिलंय, पानावर पाचच ओळी मावतात.

रजई झाली. यांनी सुई ओवायची, मी डाव्या हाताच्या बोटांनी घडी चाचपत टाके घालायचे. टाका भरकटला की हे बससमोर कुणी आडवं आल्यासारखे ओरडायचे. तीन बाजू माझ्या, एक यांची. लेकीने यांची लगेच ओळखली, माझे टाके मात्र तिला दोनदा उलटून शोधावे लागले. बाळ रजईवर पालथं पडून कड चोखतं. मी गाल चाचपले, पण नाक कुणाचं ते बोटांना कळत नाही.

आणि गोटाचा खरा रंग कुणी सांगत नाही. मला नुसतं गडद दिसतं. कापड यांनी आणलं. हे म्हणतात निळा, आणि लेक उठून बाहेर जाऊन हसते. निळा नक्कीच नाही. परवा मी स्वतःच डॉक्टरांना फोन केला. बुधवारी ऑपरेशन आहे. तुम्हाला यांनी रंग कळवला असेल, तर मला लिहू नका. माझी मीच बघून यांना धारेवर धरणार आहे.

माया असावी, ही विनंती.
तुमची भावजय