ईरप्पाच्या नावाचा बोर्ड

२ फेब्रुवारी १९७५

आज ईरप्पाने मायाप्पाची पाण्याची घागर लाथेने उडवली! माझ्या डोळ्यांदेखत. हे चष्मा घरीच विसरले होते म्हणून मी यार्डात द्यायला गेले, तर डांबराच्या भट्टीच्या पायरीवर मायाप्पाने घागर ठेवलेली. ईरप्पा कुठून धावत आला कोण जाणे — धाडकन लाथ! घागर गडगडत रोलरखाली. मायाप्पा चांगला चाळिशीचा बाप्या, भट्टीवरचा जुना माणूस, पण तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं.

मी म्हटलं, अरे जरा गोडीने सांगावं. तर म्हणतो, "गोडीनं सांगून भाजायचं र्‍हातंय व्हय, अक्का? उकळत्या डांबरात तांब्याभर पाणी पडलं की टाकी दुदावानी उतू येती. पर दूद न्हवं, इस्तू हाय त्यो!" मग स्वतःच मायाप्पाच्या खांद्यावर हात टाकून चहाला घेऊन गेला. माझा भाऊ लहानपणापासून असाच. आधी गुद्दा, मग गुळाचा खडा.

१० फेब्रुवारी

सांगोल्याकडच्या रस्त्याचं काम मिळालं! हे पेढे घेऊनच आले. आख्ख्या शुक्रवार पेठेत वाटायला लावले. नवी मोठी भट्टी येणार, अजून एक रोलर येणार.

बहात्तरच्या दुष्काळात काय होतं आमच्याकडे? हे, ईरप्पा, आणि भंगारातून आणलेला एक रोलर. लोक पोटासाठी खडी फोडायचे आणि हे दोघे ती दाबत हिंडायचे. रोलर बंद पडला की दोघे त्याच्याच सावलीत झोपायचे. दोघांची भाकरी मी एकाच फडक्यात बांधून द्यायची. आता ह्यांना 'वीरभद्रप्पा' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही, सगळे 'मालक' म्हणतात. मी म्हटलं, तुमचं पोट आणि कंपनी बरोबरीने वाढतेय हो! हसले. अजून हसतात माझ्या बोलण्याला, एवढं बरं आहे.

१४ फेब्रुवारी

जेवताना दोघांची जुंपली. परवा नव्या भट्टीचा मुहूर्त. मुंबईहून कुणी मोठे साहेब येणार आहेत.

आमची रीत आहे — पहाटे थंड भट्टीची पूजा, तिच्या काठावर नारळ फोडायचा, मग खाली जाळ. ह्यांचं म्हणणं, साहेबांना डांबर वाहताना दिसलं पाहिजे, तेव्हा जाळ आधी लावायचा, नारळ साहेब आल्यावर. ईरप्पा म्हणाला, "पूजेच्या आदी जाळ? दाजी, ह्ये बराबर न्हाई." हे म्हणाले, "अरे, देव काय घड्याळ बघतो का? साहेब बघतो!" मला हसू आलं. ईरप्पाही मग हसला. मी त्याला आणखी एक कडक भाकरी वाढली.

१६ फेब्रुवारी

ईरप्पा भाजला. छातीपासून खाली. सिद्धरामा, सोडव रे बाबा!

१७ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही. पण कुणाशी बोलू?

साहेब फार उशिरा आले. ऊन चढलेलं, भट्टी सकाळपासून रटरटत होती. हलगी वाजत होती. मी मांडवात, बायकांमध्ये, ओवाळायचं ताट घेऊन. साहेबांच्या हातात नारळ दिला, तर ते म्हणाले, "मालक, काम तुमचं, मान तुमचा." ह्यांनी नारळ घेतला, पायरी चढले. पलीकडच्या अंगाला ईरप्पा भट्टीचं झाकण उचलून धरून उभा होता. नवा फेटा बांधलेला. निंगव्वाने — माझ्या भावजयीने — मला कोपराने ढोसलं, "बगा की अक्का, नवरदेवच दिसतोय."

मग ईरप्पाची हाक ऐकली. "दाजी!" मला वाटलं, आनंदाने ओरडला. बायका हसल्यासुद्धा. आणि लगेच चर्र आवाज, आणि काळा फेस भट्टीच्या काठावरून वर आला आणि त्याच्या बाजूला कोसळला. हलगीवाल्याला दिसलं नाही. तो वाजवतच होता.

ह्यांच्या हाताला फोड आलेत. तेवढंच.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यात ईरप्पा शुद्धीवर होता. निंगव्वा औषध आणायला खाली गेली तेव्हा मला जवळ बोलावलं. चेहऱ्याला काही झालेलं नाही, तोच चेहरा! म्हणून जास्त भडभडून येतं.

"अक्का, नारळातलं बी पाणीच की गं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भट्टीच्या दहा पावलांत घागर येऊ न देणारी ही माणसं. घाम पुसायलासुद्धा लांब जातात. पण नारळाचं पाणी म्हणजे पाणी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते तीर्थ! तीर्थाला कोण भितो? आजवर भट्टी थंड असायची, म्हणून निभावत होतं.

म्हणाला, "दाजींचा हात वर गेला तवा माज्या ध्यानात आलं. वरडलो. तवर फुटला हुता." मग म्हणाला, "दाजींला कुनी काय बोलाय नगं. त्येंनी काय मुद्दाम केलंय व्हय?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते दुसरं!

२६ फेब्रुवारी

गेला.

११ मार्च

महाशिवरात्र. उपासाचं काही केलं नाही, भूकच नाही.

निंगव्वा आली. आल्या आल्या पाया पडली आणि उठेचना. "अक्का, खरं सांगा. त्येंनीच घागर नेली हुती भट्टीवर? चौकशीच्या सायबांनी तसंच लिवून घेतलंय म्हनं. बाया म्हनत्यात, दुसऱ्याला शिकवायचा आनि सोता…"

घागर? कसली घागर? मी तिला काहीतरी बोलून घरी पाठवलं आणि हे यायची वाट बघत बसले.

आले. विचारलं. पाणी प्यायले, सावकाश पेला ठेवला. "चौकशीत काहीतरी सांगावं लागतं, गौरा. पाणी पडलं हे तर खरंच आहे. कुठून पडलं ह्याने काय फरक पडतो? उद्या साहेबांच्या देखत अपघात, मालकाच्या हातून अपघात, असं झालं तर काम जाईल. दोनशे माणसांची चूल आहे ह्यावर. ईरप्पाचीसुद्धा आहे. निंगव्वाला मी उघडी टाकणार आहे का?"

म्हटलं, नारळ तुम्ही फोडलात.

"देवाचा नारळ होता तो! देवाच्या तीर्थाने कुणी मरतं का? काहीतरी बडबडू नकोस." उठून गेले. जेवले नाहीत.

मी ताट झाकून ठेवलं. पण विचार करते, ह्यांना खरंच कळलं नसेल का? ती हाक तर ह्यांनाच मारली होती. समोरून.

२ एप्रिल

ह्यांनी सगळ्यांना गमबूट आणले. बायकांना हातमोजे. एक तरुण इंजिनियर नेमला, फक्त माणसं सुखरूप राहावीत म्हणून. दर सोमवारी यार्डात सगळ्यांना उभं करून समजावतो. सोलापुरात असं कुणी करत नाही म्हणे. निंगव्वालाही खडी टाकायच्या कामावर घेतलं, भट्टीपासून लांब. ह्यांचा जीव जळतोय, मला दिसतं. रात्री उठून बसतात. मी विचारत नाही.

एकदा वाटतं जवळ घ्यावं. एकदा वाटतं तोंड बघू नये.

४ जुलै

यार्डाच्या दारात नवा बोर्ड. पिवळ्यावर काळी अक्षरं, वाटेवरूनसुद्धा वाचता येतील एवढी.

भट्टीजवळ पाणी आणाल
तर ईरप्पा व्हाल!

इंजिनियरला अभिमान वाटतोय. "वहिनी, अशिक्षित माणसांनासुद्धा पाठ झालंय बघा." हे तिथेच उभे होते. वर बघितलं नाही त्यांनी. आत निघून गेले.

ज्याने घागरीला लाथ घातली, त्याच्याच नावाने!

२८ जुलै

निंगव्वाची अक्कम्मा माझ्याकडे रडत आली. सहा वर्षांची पोर. शाळेत तिच्याकडून पाटीवर पाणी सांडलं, तर मुली म्हणाल्या, "ईरप्पा झाली, ईरप्पा झाली!" पेठेत आता म्हणच झालीय. कुणाचा चहा उतू गेला, कुणी ठेचकाळलं, की "ईरप्पा होशील." लोकांना हसायला काय लागतं!

पोरगी विचारते, "आत्या, माजा बा येडा हुता का गं?"

तिला पोटाशी धरलं. दूध-भात कालवला. सांगितलं, तुझा बाप सगळ्यांत शहाणा होता. ती म्हणाली, "मग बोर्डावर तसं का न्हाई लिवलं?"

२९ जुलै

ह्यांना म्हटलं, बोर्ड उतरवा. हात जोडले मी. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसापुढे कधी हात जोडले नव्हते.

"गौरा, तो बोर्ड लागल्यापासून एकाला फोड आलेला नाही. चार जीव वाचत असतील तर मेलेल्याचं काय जातं?"

मेलेल्याचं नसेल जात. जिवंतांचं जातं हो! पण चार जीव वाचतात हेही खोटं नाही. आत जाऊन डाळ निवडत बसले. ईरप्पाला शब्द दिलाय, ह्यांना कुणी काही बोलायचं नाही. तो मोठ्या मनाचा. मरून मोकळा झाला. मी कुठे जाऊ?

१९ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. पावसाने कामं बंद. हे दिवसभर घरात. एकमेकांना ताट वाढतो, तांब्या देतो, बस.

१८ ऑक्टोबर

दसरा झाला. करकंबचं काम मिळालं. आतापर्यंतचं सगळ्यांत मोठं. अजून एक भट्टी. परवा मुहूर्त, आणि ह्या वेळी नारळ माझ्या हातून! "घरच्या लक्ष्मीच्या हाताने," असं हे इंजिनियरला सांगत होते.

इंजिनियर म्हणाला, "वहिनी, नारळ रोलरच्या चाकावर फोडायचा, भट्टीवर नाही. भट्टीला नुसतं हळदकुंकू, तेही जाळ लावायच्या आधी."

विचारलं, का? आमची रीत तर भट्टीची आहे.

"मालकांनीच सांगितलंय. कारण नाही सांगितलं."

ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हते.

म्हणजे ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे! नारळ गुपचूप भट्टीवरून रोलरवर नेला. ईरप्पाला मात्र बोर्डावरच ठेवलाय.

१९ ऑक्टोबर

मायाप्पाला बोलावून विचारलं. तो त्या दिवशी भट्टीच्या मागेच होता. पायाच्या बोटाने जमीन उकरत उभा राहिला. "समद्यांनी बगितलंय की, अक्का. पर मालकाचं मीठ खातो. आनि मालकांनी बी लई केलंय आमच्यासाटी, न्हाई कसं म्हनू?"

म्हटलं, निंगव्वाला कुणी सांगितलं?

"कोन सांगनार? तुमीच सांगितलं न्हाईसा."

खरंच आहे.

ह्यांना मी वाईट म्हणू शकत नाही. ईरप्पाच्या अंगावरचं डांबर ह्यांनी स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढलं होतं, ते व्रण अजून आहेत. माणूस वाईट नाही. भ्यालाय. आणि आता भीतीवर इतकं बांधून ठेवलंय, की एक वीट काढली तर सगळं येईल खाली.

भाऊ माझा. नवराही माझाच.

२० ऑक्टोबर, करकंब

पूजा झाली, जाळ लागला. डांबर उकळायला लागल्यावर सगळी माणसं नारळासाठी रोलरपाशी जमली. भट्टीवर कुणी नाही, हे मी नीट बघून घेतलं. मग नारळ घेऊन रोलरपाशी न थांबता पुढे चालत गेले, भट्टीची पायरी चढले आणि हात वर केला. फोडणार नव्हते. हात तेवढा वर केला.

"गौरा! तापलीय ती! नारळात पाणी आहे, मरशील!"

एवढ्या मोठ्याने हे कधी ओरडले नव्हते. धावत येऊन माझा हात धरला. सगळ्यांनी ऐकलं होतं.

निंगव्वा खडीची पाटी खाली ठेवून पुढे आली. डोक्यावरचा पदर सरला होता, तिला भान नव्हतं. "म्हंजी दाजी… अक्कम्माच्या बानं पाणी आनलं न्हवतं?"

हे माझा हात सोडेनात. सगळ्यांसमोर, मान खाली घालून म्हणाले, "नाही. त्याने नव्हतं आणलं."