ओल्या पिठाचे हात

२१ मार्च
माहेराहून, खोरोगहून निघाले ती दुपारी सासरी पोचले. लग्नाला पाच दिवस झालेत आणि घरात पाऊल पडलं ते ऐन नवरोजला, म्हणजे शकुन चांगलाच. सासूबाई दवलतमो तोंडाने फटकळ, पण मेंढीच्या डोक्याबरोबर शिजवलेले त्यांचे गहू मी दोनदा मागून खाल्ले. माझ्या नवऱ्याच्या, शिरिनबेकच्या, पहिल्या बायकोची मुलगी नेककदम सात वर्षांची आहे. दिवसभर माझ्या ओढणीचं टोक धरून हिंडली. हिला आईवेगळं वाटू द्यायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलंय.

मग सगळ्यांनी सणाचे हात उमटवले, तळवा पिठात बुडवून. नेककदमने लाकडी खांबावर उमटवला. मातीच्या भिंतीवर कोरडं पीठ टिकेना, म्हणून मी त्यात पाणी कालवलं. सासूबाई म्हणाल्या, शाळेत रसायन शिकवायचीस ना, मग पिठाला अंघोळ घालणारच तू. कोरडं पीठ घरची पीडा घेऊन गळून जातं, ओलं भिंतीत मुरतं, असंही म्हणाल्या. तरी नव्या सुनेचं मन राखायला त्यांनी हात उमटवला. मग शिरिनबेकने, मग मी.

२५ मार्च
चार दिवस पाऊस. छत गळतंय, गाद्यांना कुबट वास येतोय. आमचं घर नदीच्या अलीकडे एकटंच, आणि साकव काल वाहून गेला. पलीकडे गावातल्या चुलींचा धूर दिसतो, जाता मात्र येत नाही. गोवऱ्या पेटवून भिंती शेकतोय. बुरशी धरली ती फक्त भिंतीवरच्या तीन हातांवर, काळी, केसाळ. खांबावरचं पीठ कधीच गळून गेलं. सणाचं पीठ पुसायचं नसतं म्हणे. मला ते बघवत नाही.

२६ मार्च
सासूबाई धार काढायला गेल्या तशी मी उलथनं घेऊन त्यांचा हात भिंतीवरून खरवडून काढला. गोठ्यातून किंकाळी आली. त्यांच्या उजव्या तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं, दुधात रक्त. उलथन्यावरची मातीही लाल होती. मी कुणाला सांगितलं नाही. भ्याले.

२७ मार्च
सकाळी शिरिनबेकची नखं काळी होती. चहाचा वाडगा उचलायला म्हणून हात पुढे केला आणि त्या हाताने आईचा गळा धरला. तो रडत होता, डाव्या हाताने स्वतःचीच बोटं उलटी मोडत होता, आई, ढकल मला, म्हणत होता. सोललेल्या तळव्याने त्या काय ढकलणार? मान मोडल्याचा आवाज आला.

मी ओरडून खरं सांगितलं. उलथनं घेऊन भिंतीकडे धावले. तोवर त्याने उंबऱ्यावर मनगट ठेवून कुऱ्हाड घातली. रक्त थांबलं नाही. काल बोलले असते तर त्याचाही हात भिंतीवरून वेळेत खरवडला असता, दोघंही जगली असती.

२८ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची नखं काळी झालीत. मघाशी त्या हाताने नेककदमची वेणी धरली. हाडापर्यंत चावले तेव्हा सुटली. भिंतीवरचा माझा हात मीच खरवडायला गेले, तर उजवा उलथनं हिसकावतो— पुरात फेकून देईल.

दुपार
उजवा ओढणीने खांबाला बांधलाय. उलथनं पोरीला दिलं. मी कितीही ओरडले तरी थांबू नकोस, म्हटलं. ती म्हणाली, मग तू ओरडूच नको ना.

पोर खरवडतेय. अंगठा गेला— दोन बोटं— ओठ चावून धरलेत—

ओरडले.

उलथनं टाकलं तिने. मी लांब राहा म्हणतेय— ऐकत नाही— गळ्यात पडलीय, पाठ चोळतेय माझी— रक्ताने गाठ सरकतेय— नेककदम, मागे हो— हात तिच्या के