वर्ग सोडून गेलेली बाई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जुळ्या नातवांना दोघांनाही एकाच आठवड्यात दात येताहेत हे वाचून आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, हे तुझं म्हणणं पटलं. तेव्हा पत्रच बरं.

तू माझ्यावर सोपवलेला योगवर्ग ठीक चालू आहे. बावीस जण येतात. खालच्या छापखान्याचं यंत्र आता पावणेसातलाच सुरू होतं, त्यामुळे शवासनात सगळ्यांच्या पाठी जमिनीबरोबर थरथरतात. ग्रंथपालबाई रोज सर्वांत आधी येतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण हॉलमध्ये कुणी कुजबुजलं की अजून तोंडावर बोट ठेवतात. दंतवैद्यबाई तुझी आठवण काढतात.

माझं म्हणशील तर काय सांगू? हे बोटीवर, लेक वसतिगृहात. दुकानात मागच्या खोलीत दिवसभर स्टुलावर बसून चष्म्याच्या काचा घासायच्या, घरी येऊन एकटीनं खुर्चीत बसायचं आणि सकाळी चटईवर बसायचं. परवा एका काचेचा कोन नव्वदवर बसवायचा तो मी ऐंशीवर बसवला. गिऱ्हाईक परत आलं, म्हणालं की जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एका बाजूला कललेल्या दिसतात. मालकांनी ती काच स्वतः बदलून दिली, पण तेरा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

आणि एक गंमत. मंगळवारी माझी बस डोळ्यांदेखत सुटली. मी मागे धावले. पुढे सिग्नलला ती थांबली, ड्रायव्हरनं माझ्यासाठी दार उघडलं, आणि मी त्याला हातानंच जा म्हटलं. मला धावायचंच होतं! पर्स छातीशी धरून पुढच्या स्टॉपपर्यंत गेले. दुकानात पोचले तेव्हा अवतार बघण्यासारखा होता, पण काचा मात्र त्या दिवशी सरळ बसल्या.

जुळ्यांना गोड पापा. लोभ आहेच, त्यात भर पडू दे.

तुझी,
भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

एकोणपन्नासाव्या वर्षी बसमागे धावणारी बाई पाहून लोकांची करमणूक झाली असेल. लहानपणी तुझ्या पायाला भिंगरी होती म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं, ते आता सार्थ करू नकोस. नव्याचे नऊ दिवस असतात. आधी सायकल झाली, मग विणकाम झालं. त्या अर्ध्या स्वेटरचं पुढे काय झालं ते विचारत नाही.

कंटाळा येतो तेव्हाच साधना सुरू होते, हे मी बारा वर्षं वर्गात सांगत आले. थंडीत सूर्यनमस्कार वाढव. शवासन पंधरा मिनिटांहून कमी करू नकोस, आणि त्या वेळी सगळ्यांमधून पाऊल न वाजवता फिर. बघणारं कुणी आहे म्हटल्यावर माणसं सैल सोडतात.

इथे सगळं छान. लेक आणि जावई साडेआठला कामावर जातात, मग मी आणि हे दोन सम्राट. एकाला निजवावं तर दुसरा उठतो. माझी चटई खिडकीपाशी ठेवली आहे. मन शांत असलं की जागा कितीही लहान असली तरी पुरते.

जपून राहा. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावशील, पण लपवून ठेवलं तर जास्त रागावशील.

नऊ दिवस कधीच सरले. मी बूट घेतले. ते हॉलमधल्या चटयांच्या कपाटात, खालच्या फळीवर, कांबळ्यांच्या मागे ठेवते. वर्ग संपला की सगळे जाईपर्यंत कांबळी घडी करायचं सोंग करते आणि मग सुटते. छापखाना, शाळेची भिंत, कालव्याचा पूल आणि परत. पहिल्या आठवड्यात पुलाआधीच बरगडीत कळ यायची, खांबाला धरून उभी राहायचे. आता पूल ओलांडते. धापा टाकत दुकानात जाते आणि कुणी काही विचारलं की उगाच हसते. ताई, शेवटचं असं हसले कधी ते मला आठवत नाही.

वर्गात मात्र माझं मन लागत नाही. श्वास आत घ्या म्हणते आणि माझाच घ्यायचा राहतो. डोळे मिटले की पोटऱ्यांत मुंग्या धावतात. शवासनात मी छताचे पत्रे मोजते, एकतीस आहेत. ज्या गोष्टीवरचं माझं मन उडालं आहे ती बावीस जणांना शिकवायची म्हणजे रोज सकाळी खोटं बोलणं. दंतवैद्यबाई तुझ्या हाताखाली नऊ वर्षं शिकल्यात, त्यांना वर्ग घेशील का विचारू? जूनपर्यंत फक्त, तू परत येईपर्यंत.

नाही म्हणू नकोस.

लोभ आहे, किती ठेवायचा ते तुझ्या हाती.

भिंगरी

१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

नाही.

वर्ग मी तुझ्या हाती दिला, दंतवैद्यबाईंच्या नाही. त्यांचं आसन तुझ्याहून नीट आहे हे मलाही दिसतं. पण बारा वर्षांपूर्वी तुझी झोप उडाली होती, महिनोन् महिने तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस, तेव्हा मी तुला हाताला धरून त्या हॉलमध्ये आणलं. पहिले तीन आठवडे तू नुसती पडून रडलीस. त्या जागेनं तुला उभं केलं. आता जरा पायात बळ आलं तर तिलाच पाठ दाखवतेस?

धावतेस ते कुणापासून, हे एकदा स्वतःला विचार. घर रिकामं आहे म्हणून घराबाहेर धावून ते भरत नाही. गुडघे आपल्या आईचे आहेत तुझे, तेही लक्षात असू दे.

जून काही लांब नाही. दिलेला शब्द पाळ, एवढंच मागते.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कदाचित तुला कळलंही असेल. तरी माझ्या हातून लिहिलेलं तुझ्यापाशी असावं.

काल सकाळी मी सगळ्यांना शवासनात निजवलं, पडदे ओढले, दिवे मालवले. छापखानाही काल बंद होता, त्यामुळे हॉलमध्ये अगदी शांत होतं. माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी कपाटातून बूट काढले, हातात धरून जिना उतरले आणि खाली पायरीवर बसून चढवले. दहा मिनिटांत परत यायचं ठरवलं होतं. शाळेच्या भिंतीपाशी वळायला हवं होतं. वळले नाही. पूल आला, तिथेही वळले नाही. कालव्याच्या कडेनं मी इतकी हलकी धावत होते की घड्याळाकडे बघायची भीती वाटत होती.

परत आले तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. पडदे उघडे होते आणि सगळे गोल करून उभे होते. बराच वेळ कुणी उठा म्हटलं नाही म्हणून काही जण तसेच झोपून गेले होते. ग्रंथपालबाईंना जाग आली, अंधारात त्या झटकन उठल्या आणि कुणाच्या तरी कांबळ्यात पाय अडकून पडल्या. उजवं मनगट मोडलं. दंतवैद्यबाईंनी दोन पट्ट्या लावून हात बांधून ठेवला होता. मी दारात, घामानं ओली, पायात बूट.

प्लॅस्टर सहा आठवडे राहील. वय एकाहत्तर. त्या एकट्या राहतात.

माझ्याजवळ सांगण्यासारखं कारण नाही.

भिंगरी

६ मार्च

धाकटीस,

दंतवैद्यबाईंनी त्याच दिवशी फोन केला होता. मी तुझ्या पत्राची वाट पाहत होते. ते आलं, एवढं तरी बरं.

बारा वर्षांत त्या हॉलमध्ये कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. वर्ग आता दंतवैद्यबाई घेतील, मी त्यांना कळवलं आहे. किल्ली त्यांच्याकडे दे. ग्रंथपालबाईंची क्षमा माग. माझी मागू नकोस.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर येणार नाही असं धरूनच लिहिते आहे.

किल्ली दिली. ग्रंथपालबाईंकडे दुसऱ्याच दिवशी गेले. दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, आणि मध्ये त्या, हात गळ्यात अडकवलेला. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, हाडाचं काय, ते जुळतं. पण डोळे मिटून पडलेलं माणूस दुसऱ्याच्या भरवशावर असतं, आणि तो भरवसा तू न सांगता काढून घेतलास. जायचंच होतं तर दिवे लावून, सर्वांना उठवून, मी चालले असं सांगून जायचंस. कुणी अडवलं असतं तुला? ताई, त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या अगदी हळू बोलल्या.

मग मी काय करू शकते असं विचारलं. त्या म्हणाल्या की डाव्या हातानं स्वयंपाक उरकतो, वेणी मात्र येत नाही. त्यांचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. तेव्हापासून रोज सकाळी धावून झालं की मी त्यांच्याकडे जाते आणि वेणी घालते. आधी तीन दिवस सैल झाली म्हणून सोडून पुन्हा घालायला लावली. वर्गाला मात्र त्या परत येणार नाहीत. मी मन वळवायचा प्रयत्न केला, पण त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

होय, मी अजून धावते. बूट टाकून द्यायला पुलापर्यंत नेले होते. मग लक्षात आलं, पाप धावण्यात नव्हतं, चोरून उठून जाण्यात होतं. मी फेब्रुवारीतच तुझं न ऐकता वर्ग सोडायला हवा होता. तुझा शब्द मोडायची हिंमत झाली नाही, म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईंचं मनगट मोडलं. बारा वर्षांपूर्वी तू मला उभं केलंस हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण उभं केलंस ते कायम तिथेच उभं राहायला का?

हे लिहून टाकलं. आता हवं तर फाड.

तुझा लोभ होता. आहे का ते माहीत नाही.

भिंगरी

८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण इथे सलग काहीच होत नाही.

तुझं २ मार्चचं पत्र आलं तेव्हा एक जुळं माझ्या छातीवर झोपलं होतं आणि दुसरं पायावर. तू जिना उतरून पायरीवर बूट चढवलेस तिथे मी आले आणि माझा संताप संताप झाला. मला वाटलं, ग्रंथपालबाईंसाठीच आहे तो. महिनाभर तसंच वाटत होतं. पण खरं ते नव्हे. त्या पडल्या हे वाचायच्या आधीच मी रागावले होते. तू उठलीस आणि गेलीस, याचाच राग आला होता. मला असं जाता येत नाही.

खिडकीपाशी ठेवलेली चटई मी इथे आल्यावर चार दिवस उघडली. पुढे कधीच नाही. तुला सूर्यनमस्कार वाढव म्हणून लिहिलं तेव्हा माझी पाठ इतकी धरली होती की बाळाला उचलताना तोंडातून आवाज यायचा. उंटावरून शेळ्या हाकत होते, दुसरं काय! डिसेंबरपासून मी फक्त तीनदा घराबाहेर पडले, तिन्ही वेळा लस टोचायला. लेक वाईट नाही. ती दारातून म्हणते, आई आहे ना, आणि जाते. मी जूनपर्यंत होकार दिला होता, आता पुढेही मी राहीनच असं तिनं धरलं आहे, तिला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? तुला मी शब्द पाळ म्हणून बजावत होते ते बहुतेक स्वतःलाच.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण आता तू माझ्याहून कमी शहाणी राहिली नाहीस.

ताई

१२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवसांची रजा टाकली. मालक आनंदानं हो म्हणाले, मी आनंदाकडे दुर्लक्ष केलं. ग्रंथपालबाईंचं प्लॅस्टर उद्या निघतंय. त्या म्हणाल्या, आधी बहिणीकडे जा, वेणी मी बघते.

अठराला सकाळी पोचते. लेकीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी मध्ये तोंड घालणार नाही. पण मी आल्यावर बाटल्या कशा उकळायच्या हे शिकवत दारात उभी राहू नकोस. मीही एक मूल वाढवलं आहे. तू चपला घाल आणि बाहेर पड.

भेटीत बोलूच.

भिंगरी

११ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि जुळे दोन दिवस दाराकडे बघत होते. तू त्यांना कडेवर घेऊन जिन्यावर वरखाली पळायचीस, तसं मीही करावं अशी त्यांची अपेक्षा आहे. ती काही पूर्ण होणार नाही.

पहिल्या दिवशी मी कुठे गेले ते तुला सांगितलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि पुढे कुठे जावं हेच सुचेना. एका बाकावर बसले. सव्वा तास. श्वासावर लक्ष दिलं नाही, काही सोडलं नाही, काही धरलं नाही. येणारी जाणारी माणसं बघितली. चौथ्या दिवशी चालत नदीपर्यंत गेले. तेराव्या दिवशी, तू आत त्यांना भरवत होतीस तेव्हा, लेकीला सांगितलं की मी ठरल्याप्रमाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात जाते, पुढे राहणार नाही. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली की आई, तू दमलीस हे मला दिसत होतं, विचारायची भीती वाटत होती, कारण तू हो म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? आता लेक-जावयांनी मिळून जवळचं पाळणाघर बघून ठेवलं आहे. मी अधूनमधून येत जाईन, पाहुणी म्हणून.

वर्ग परत मागणार नाही. तू म्हणतेस त्यावरून दंतवैद्यबाईंनी तो चांगला चालवला आहे. त्यांना सांग, माझी चटई मागच्या रांगेत भिंतीला लागून घाला. कुणाला शिकवायचं नाही, त्या सांगतील ते करायचं आणि चुकलं तर चुकू द्यायचं. ग्रंथपालबाईंकडे मी स्वतः जाईन.

स्टेशनवर घ्यायला ये. माझं सामान जड आहे आणि मी हळू चालते, तेव्हा त्या दिवशी तरी धावू नकोस.

लोभ होता तसाच आहे, मधे फक्त वाट चुकला होता.

तुझी,
ताई