गोणपाटाखालचा पत्रा

आई, गेल्या महिन्यात एका रविवारी तुझ्या गाडीचा मागच्या बाजूचा, तळाचा पत्रा कापला. कापला असं नुसतं म्हणायचं. छिन्नी टेकवून हातोडीचा एक ठोका मारला तर ताटाएवढा तुकडा पापडासारखा मोडून खाली पडला आणि त्या भोकातून मला शेडची जमीन दिसली. अठ्ठावीस वर्षं ही पद्मिनी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. तू गेलीस त्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून आणली ती आणलीच. तिच्या टपावर मिरच्या वाळल्या, बोनेटमध्ये कोंबड्यांनी अंडी घातली, मी लग्न करून गेले आणि दोन वर्षांत परत आले, तरी आबांनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. आता रस्ता रुंद होणार म्हणून शेड पाडायची आहे. भंगारवाला दारात आला तेव्हा आबा बाजेवरून काठी घेऊनच उठले. तो पळाल्यावर मला म्हणाले, “दसऱ्याला ती धडधाकट उभी राह्यली पाहिजे. तू कर. तुझ्या आईची गाडी हाय.”

मी पंचायत समितीत कारकून आहे. हाताला फाइल धरायची सवय, हातोडी नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी त्याचा चहा न पिताच उठले. मग पलीकडच्या गल्लीतले, गाड्यांचे पत्रे ठोकणारे एक म्हातारे डेंटर मिळाले, दुकान मुलाच्या हाती देऊन रिकामे बसलेले. ते सुट्टीच्या दिवशी येतात, वेल्डिंग तेवढं स्वतः करतात आणि बाकीचं मला करायला लावतात. गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडायचं, पॉलिश पेपरने जुना रंग घासायचा, आणि सोमवारी नखांत गंज घेऊन ऑफिसात जायचं. मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन त्यांनीच ओळखीत मिळवून बसवलं. पुढचा चेपलेला भाग ठोकून सरळ करायला आम्हाला तीन महिने लागले. खालच्या बाजूला नवीन पत्रा परवडेना, म्हणून तुझं लोखंडी कपाट बाहेर काढलं. त्याच्या दाराला आतून, आरशाच्या कडेला, तू लावून ठेवलेल्या टिकल्या अजून होत्या, सगळ्या मरून रंगाच्या. मला त्या काढवेनात. शेवटी डेंटरकाकांनी चाकूने खरवडल्या.

तू गाडी चालवतेस ही गोष्ट पचायला मखमलाबादला बराच वेळ लागला होता. तुझ्या नवऱ्याला, आबांना, सायकलपलीकडे काही जमलं नाही. टेम्पोवाला वेळेवर यायचा नाही, बाजारात पोचेपर्यंत फुलं मान टाकायची, म्हणून तू हट्टाने ही जुनी गाडी घ्यायला लावलीस आणि ज्याची गाडी त्याच्याकडूनच मळ्याच्या वाटेवर शिकून घेतलीस. मागची सीट काढून माळ्यावर टाकली आणि तिथे झेंडूच्या पाट्या रचल्या. अजून उजाडायचं असतं, तू पदर खोचून बसतेस, चपला काढून शेजारी ठेवतेस. अनवाणीच चालवायचीस, पायाला गाडी कळली पाहिजे म्हणायचीस. पारावरचे लोक म्हणतात, “आली बघा झेंडूची राणी,” आणि तू काच खाली करून विचारतेस, “बसता का मागं? पाट्यांवर जागा हाय.” मला आठवं लागलं त्या दिवशी तू मला मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, “आज गियर तुझा.” स्टेअरिंगपाशी ती दांडी. तू क्लच दाबून “हां” म्हणायचीस आणि मी दोन्ही हातांनी ती ओढायचे. त्यानंतर लोकांनी मला पुष्कळ काही दिलं, मंगळसूत्रसुद्धा, पण त्या दांडीच्या जवळपास जाईल असं काही मिळालं नाही.

फुलं ताजी राहावीत म्हणून पाट्यांखाली ओली गोणपाटं अंथरायची आणि वरून पाणी शिंपडायचं. बाजारातून आल्यावर ती गोणपाटं काढून कुंपणावर वाळत घालायची, खालचं पाणी पुसायचं, गाडीची दारं उघडी ठेवायची, एवढं काम आठवं लागल्यापासून माझं. मला ते अजिबात आवडायचं नाही. कुजक्या झेंडूचा वास हाताला दोन दोन दिवस राहायचा. एकदा तू स्वतःच गोणपाट उचललंस तर त्याच्याखाली दुसरं निघालं, त्याच्याखाली तिसरं, सगळी बुळबुळीत. मी जुनं न काढता त्याच्यावरच नवं अंथरत होते. तू मारलं नाहीस. “पत्रा म्हंजी काय घाटाची पायरी वाटली का तुला? कुजंल तो,” एवढंच म्हणालीस, आणि शाळेत सोडताना मला पुढे न बसवता मागे त्या ओल्या गोणपाटांवर बसवलंस. फाटकाशी उतरले तेव्हा माझा फ्रॉक मागून ओला आणि पिवळा झाला होता. पोरी हसल्या. मी तुझा फार राग केला, आणि त्या दिवसापासून शहाणी व्हायच्या ऐवजी लबाड झाले. वरचं एक गोणपाट काढून कुंपणावर टाकायचे, तुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं, आणि खालची तशीच राहू द्यायचे.

मग ती खंडेनवमी. त्या नवरात्रात बाजाराला रोज दोन खेपा होत होत्या आणि मला रोज संध्याकाळी भोंडल्याला जायचं होतं. त्या सकाळी तू मालेगाव स्टँडच्या उतारावरून गंगेकाठच्या फूलबाजाराकडे निघालीस. खाली फुलांची, केळीच्या खांबांची, माणसांची गर्दी होती. तू गाडी डावीकडच्या भिंतीवर घातलीस. बघणारे सांगायचे की रस्ताभर झेंडू सांडला होता आणि दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तू दवाखान्यापर्यंत पोचली नाहीस. आबा घरी आले, मला जवळ घेतलं नाही, समोर बसून म्हणाले, “गाय आडवी आली. गाईला वाचवाया गेली तुझी आई.” तेव्हापासून मी गाईला घास घातला नाही. लग्नानंतर पहिल्या वसुबारसेला सासूबाईंनी नैवेद्याचं ताट माझ्या हातात देऊन मला गाईसमोर उभं केलं, तर मी ताट जमिनीवर ठेवलं आणि घरात निघून गेले. माझा संसार मोडायला जी कारणं झाली त्यांत या ताटाचाही वाटा आहे. मी ठरवून एका जनावराचा राग करत होते आणि त्याने मला बरं वाटायचं.

तर त्या रविवारी पत्रा पडला आणि डेंटरकाका गुडघ्यावर बसून बघायला लागले. म्हणाले, “ताई, हा गंज पावसाचा नाय. पावसाचा गंज खालून वर चढतो. हा वरून खाली उतरलाय. इथं काय ओलं ठेवायचे का?”

“फुलं,” मी म्हणाले.

ते बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले आणि पुढून मागे उजेड फिरवत गेले. मग विचारलं, “ब्रेकचा पाइप कुठंय?” पत्र्याखालून मागच्या चाकांकडे एक बारीक पाइप जातो, त्यातून ब्रेकचं तेल जातं. तो पुढे होता, मागे होता, बरोबर त्या भोकाखालचा हातभर तुकडा मात्र नव्हता. दोन्ही टोकं सरळ, करवतीने कापलेली. “हे अपघातात तुटलेलं नाय. मागाहून कोणीतरी बसून कापलंय. कुजला असंल. वरचं पाणी सगळं याच्यावरच गळत होतं ना.” आणि हवापाण्याचं बोलावं इतक्या सहज त्यांनी पुढचं सांगितलं, “या गाडीला एकच लाइन. इथून तेल गेलं की चारी चाकांचा ब्रेक गेला. पाय नुसता खाली जातो.” मी विचारलं, असा पाइप कुजायला किती दिवस लागतात. ते म्हणाले, “वर्ष, दोन वर्ष. रोज ओला राह्यला तर.” मी चहा ठेवते असं सांगून घरात गेले आणि मोरीत बसून नखांतला गंज घासत राहिले. मला आठवं लागल्यापासून त्या खंडेनवमीपर्यंत दोन वर्षं होतात. हा हिशेब करायला कागद लागत नाही.

दुपारी आबा ओट्यावर झेंडूच्या बिया निवडत बसले होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, “आबा, ब्रेकचा पाइप तुम्ही कापला?”

ते निवडायचे थांबले नाहीत. “घावलं का तुला,” म्हणाले.

“कुठंय तो तुकडा?”

“गंगेत. तुझ्या आईच्या अस्थींसंगं सोडला, फडक्यात बांधून.”

“आणि गाय?”

“गाय कुठली? गाय म्या आणली.”

आई, तेवढा एक क्षण मला वाटलं की हे सगळं माझ्यासाठी होतं. पोरीला कळू नये म्हणून या माणसाने तुकडा कापला, पाण्यात सोडला आणि एक गाय रचली. माझे डोळे भरून आले, मी त्यांच्या पायाला हात लावला. पण आबा भलतंच सांगत होते. “तिनं सांगितलं व्हतं मला. चार दिस आधी. ब्रेक मऊ लागतोय, पाय खाली चाललाय, कोनाला तरी बोलवा. म्या म्हनलो, दसरा होऊ दे. फुलाला भाव हाय, आत्ता गाडी उभी ठेवायची नाय. म्या मारली तिला. गाडी घरी आनल्यावर खाली शिरून बघितलं तर पाइपाला भोक. लोकं इचारतील, पोरगी इचारंल, काय सांगू? मंग गाय सांगितली.” बोलून झाल्यावर त्यांनी बियांचं सूप मांडीवर ओढलं आणि पुन्हा निवडायला लागले.

त्यांना गोणपाटांचं काही माहीत नाही. पाइप कशाने कुजला हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. जुनी गाडी, लोखंड, कुजणारच. ते दसऱ्याला कुणाच्या घरी सोनं द्यायला जात नाहीत, नवीन सदरा अंगाला लावत नाहीत, भाव चांगला मिळाला की त्या दिवशी जेवत नाहीत. आणि मी इतकी वर्षं लोकांना हसत हसत सांगत आले की आमचा म्हातारा जरा तिरसट आहे. त्या दुपारी मला एकच वाक्य बोलायचं होतं, की आबा, हे तुमचं एकट्याचं नाही. तोंड उघडलंही होतं. मग मी म्हणाले, “चहा निवतोय तुमचा.”

आता पत्रा बसला आहे. नवा पाइप टाकला, तेल भरलं, काकांनी चार वेळा त्यातली हवा काढली. काल मी चपला काढून बसले आणि ब्रेक दाबून बघितला. कडक लागतो. वर्षापूर्वी मला यातलं काही, गाडी चालवणंसुद्धा, येत नव्हतं, आता एवढं येतं, आणि ते अठ्ठावीस वर्षं उशिरा आलं आहे. आबांनी परवाच्या खंडेनवमीची तयारी करून ठेवली आहे. गाडीची कागदपत्रं केव्हाच मेली, अडवलं कुणी तर बघू. त्यांना मी त्या उतारावरून न्यायचं आहे. “भिंतीपाशी जरा थांबव,” म्हणाले, “मला तिची माफी मागायचीय.” मी हो म्हणाले. म्हणजे मी स्टेअरिंग धरून शेजारी बसलेली असेन आणि तो म्हातारा माणूस माझ्या वाट्याचीही माफी मागेल.

मी स्वतःला सांगते की या वयात त्यांना कशाला धक्का द्यायचा. ते खरं नाही. सांगितलं तर त्यांचं ओझं निम्मं होईल हे मला चांगलं कळतं. पण नवऱ्याच्या घरून परत आलेल्या बाईला बापाच्या डोळ्यांत जेवढी जागा असते तेवढीच माझ्याकडे उरली आहे, आणि ती घालवायची मला भीती वाटते. आबांना वाचता येतं, चष्मा लावून ते माझे ऑफिसचे कागदसुद्धा वाचतात, म्हणून हे पत्र घरात ठेवता येणार नाही. उद्या सकाळी बंबात घालीन.

त्याआधी एवढं तुला सांगते. त्या खंडेनवमीला तू गाडीत बसलीस, चपला काढल्यास, पाय खाली टेकवलास आणि मला विचारलंस, “गोणपाटं काढली व्हती का गं? पायाला वलं लागतंय.” मी म्हणाले, “हो, कालच.” तू माझ्या गालाला हात लावलास, “शानी माझी” म्हणालीस आणि निघालीस.