वीतभर उंच टप

५ मार्च

चि. नानास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या व्याह्यांच्या कारखान्यातून गाडी घरी आली. रंग झकास झालाय. मागचा रॅम्पही चांगला, यांची बॅटरीवरची चाकांची खुर्ची सरसर आत चढली. आणि यांचं डोकं टपाला टेकलं. टप जसाच्या तसा आहे, नाना. तो वीतभर उंच करायचा असं करारात स्पष्ट लिहिलंय, खाली साक्षीदार म्हणून तुझीच सही आहे. यांच्यासारखा ताडमाड माणूस हनुवटी छातीला लावून बसतो आणि रस्त्याऐवजी स्वतःचे गुडघे बघतो.

व्याह्यांना फोन केला. हसून म्हणाले, सवय होईल. मानेला कसली सवय होते ते काही मला कळलं नाही. रोज असं वाकून शाळेत जाणं यांना कसं जमणार? शाळेने यांची चित्रकलेची जागा नवं सत्र सुरू होईपर्यंत राखून ठेवली आहे. अपघातानंतर पहिल्यांदाच यांनी ब्रश धुऊन उन्हात मांडलेत. घरचाच माणूस आहे, बिनधास्त राहा, असं तू म्हणालास म्हणून मी सगळे पैसे आधीच देऊन बसले. तेव्हा आता तूच त्यांच्या कानावर घाल.

सीटा शिवताना तासन् तास वाकून बसू नकोस, कंबर धरते तुझी. घरी सगळ्यांची विचारपूस केल्याचं सांग.

तुझी,
अक्का


१४ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे वर साखर आणि तळाशी मिरची. पाणी पिऊन मग उत्तर लिहायला बसलो.

व्याह्यांशी बोललो. त्यांचं म्हणणं, टप कापला की पुढे पाणी गळतं, गाडीही डुलते. आणि ते काम राहू द्या असं मागाहून तूच तोंडी सांगितलंस म्हणे. तसं झालंही असेल, अक्का. त्या दिवशी आपण इतकं बोललो, कोणाच्या काय लक्षात राहणार? भाऊजींच्या खुर्चीसाठी मी पातळ गादी शिवून पाठवतोय. दोन बोटं तरी खाली बसतील. व्याह्यांचं नातं काचेचं असतं गं, हातात जपूनच धरावं लागतं. गोडीगुलाबीने घे.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
नाना


२ एप्रिल

चि. नानास,
अ. उ. आ.

गादी मिळाली. शिवण नेहमीसारखी सुबक. तासाभरात यांच्या पाठीला रग लागली, काढून ठेवली.

लक्षात नाही म्हणतोस, तर आठवण करून देते. इथे घरी यांचं बसल्या जागी माप घेतलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक तू धरलं होतंस. व्याह्यांच्या ऑफिसात तू खिडकीशी बसला होतास. ते म्हणाले, टप राहू द्या, गाडी लवकर मिळेल. मी म्हणाले, टप होणार नसेल तर मला गाडीच नको. त्यावर तूच हसलास, म्हणालास की आमच्या अक्काचा शब्द ब्रह्मदेवाच्या बापालाही फिरवता येत नाही. मागाहून गाडी घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललेच नाही, सगळा निरोप तुझ्याच तोंडून जात होता.

परवा कारखान्यात जाऊन आले. मी बोलत होते आणि व्याही उभ्याउभ्या दुसऱ्या गाडीचा दरवाजा लावून बघत होते. शेवटी म्हणाले, करारात काहीही लिहिलेलं असू दे, तोंडी बदल झाला. दुसरीकडे काम करून घ्यावं, तर पदरी काही उरलेलं नाही. म्हणून ग्राहक मंचात तक्रार दिली आहे. वीस मेला सुनावणी आहे. तू ये आणि जेवढं ऐकलंस तेवढंच सांग. पदरचं काही घालू नकोस.

वाट पाहते.

अक्का


१९ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू मलाही हाताला धरून चढवायला निघालीस.

माझे हात दगडाखाली आहेत. माझी चिमी त्या घरात नांदते. तू तिच्या सासऱ्याला खेचणार, टोमणे तिने खायचे. ती परवा रडत म्हणाली, बाबा, माझ्यासाठी तरी तुम्ही यात पडू नका. सांग, काय करू? राग मानू नकोस, पण तुला पोटचं मूल नाही. बापाचं काळीज तुला नाही कळायचं.

भाऊजींना जप. मी दूर राहिलो तरी मनाने तुझ्याकडेच आहे, असं समज.

तुझा,
नाना


६ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टातल्या फळीवर उभ्याने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आई बोलता बोलता म्हणाली, की माझ्या रडण्यामुळे बाबा साक्षीला येत नाहीत. आत्या, मी असं काही बोलले नाही, रडले तर नाहीच. मला कोणी विचारलंच नाही. उलट जेवताना मीच सासऱ्यांना म्हटलं, टप करून द्या ना. ते म्हणाले, टप कापणारा वेल्डर सोडून गेला, नवा कुठून आणू, आणि तुझ्या आत्याचे पैसे तर आलेच आहेत. मला इथे कोणी टाकून बोलत नाही.

खरं कारण निराळं आहे. गेल्या महिन्यापासून कारखान्यातल्या सगळ्या गाड्यांच्या सीटा बाबांकडे शिवायला जातात. रविवारी ते इथे आले होते. सासऱ्यांच्या वकिलांना सांगत होते, की टपाचं काम अक्कानेच नको म्हटलं. मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात आले. मला बघून ते थांबले. मग तेच वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

तू फक्त हो म्हण. मी येते आणि वेल्डरचं सांगते. पुढचं पुढे.

काकांना नमस्कार. मला परकी समजू नकोस.

तुझीच,
चिमी


२ जून

नाना,

निकाल आज हाती आला. तक्रार फेटाळली. खुद्द तक्रारदार बाईंचा भाऊच तोंडी बदल झाल्याचं सांगतो, त्यामुळे शंकेला जागा नाही, असं त्यात म्हटलंय. तू साक्ष नीट दिलीस. एकदाच अडखळलास, ते माझं नाव घेताना.

शाळेत दुसरे मास्तर आले. यांनी आपले ब्रश त्यांना पाठवून दिले. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. त्या दिवशी मंचातून येताना हे गाडीत मान खाली घालून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, नानाच्या घशाला कोरड पडली होती, कोणीतरी त्याला पाणी द्यायला हवं होतं. तुझ्यासाठी मनात जमवून ठेवलेल्या शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या.

चिमी साक्षीला यायला तयार होती. तुझ्या सीटांचंही तिने मला सांगितलं. हे व्याह्यांच्या कानावर घालायची तुझी हिंमत नाही, म्हणून लिहिते. मी तिला येऊ दिलं नाही. ती उभी राहिली असती तर मी जिंकले असते आणि त्याच संध्याकाळी तिला आपली बॅग भरावी लागली असती. तू तिला पुढे करून तिच्याआड लपलास. मी तिला मागे ठेवलं आणि हरले. पोटचं मूल नसलं तरी एवढं कळतं.

तुझ्या घरी यायचं तिच्या जिवावर येतं म्हणते. माहेरपणाला इकडे ये, असं मी तिला कळवलंय. मागची खोली रिकामी केली आहे. ती इथे असेल तेव्हा तू येऊ नकोस. ती नसेल तेव्हाही येऊ नकोस.

अक्का